सरकार गेलं, रूळ राहिले



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपल्या वाचनालयाची ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला आठवीत गणित शिकवलं. त्यांच्या वर्गात भिंतीवर रेल्वेचा एक जुना नकाशा टांगलेला असे. तास संपायला पाच मिनिटं उरली की सर त्या नकाशापाशी जायचे आणि मुंबईवर बोट ठेवून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली निघायचे. दिवा, पनवेल, आपटा. तिथे बोट थांबायचं. मग गोव्यात घाटावरून मुरगावला उतरणारी एक बारीक रेघ, आणि त्याच्या बरंच खाली मंगळूर. मधल्या कोऱ्या जागेवरून हात फिरवत ते विचारायचे, "ही रेघ कोण काढणार रे?" आम्हाला वाटायचं, ते आम्हालाच काढायला सांगताहेत. एकाने एकदा खरंच पेन्सिलीने काढली. सरांनी ती पुसू दिली नाही.

संयोजकांनी मला विषय दिला तो राजकीय पक्ष आणि देशाच्या पायाभूत सुविधा असा. विषय मोठा आहे. रस्ते, बंदरं, वीज, विमानतळ, सगळ्याच पक्षांच्या जाहीरनाम्यांत आज या शब्दांची रेलचेल असते. मी मात्र पुष्कळसा वेळ त्या पेन्सिलीच्या रेघेबद्दलच बोलणार आहे. कारण एखाद्या पक्षाची योजना म्हणजे काय आणि ती कशी असावी, हे मला या देशात कोकण रेल्वेइतकं दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसलेलं नाही.

आधी कोकणाचं येणंजाणं कसं होतं ते आठवू. तरुण मंडळींसाठी सांगतो. माझ्या वडिलांच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे बोटीने. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची, बंदराबंदराला थांबायची, पडावातून माणसं उतरवायची. पावसाळ्यात ती वाट बंद. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं असताना, रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढी अमावास्या होती, माणसं घरी निघाली होती. माझ्या आजीने त्यानंतर आयुष्यात बोटीत पाय ठेवला नाही.

मग एसटी आली. एसटीचे उपकार कोकणी माणूस विसरणार नाही. पण गिरणीत काम करणारे माझे वडील गणपतीला घरी यायचे, तेव्हा संध्याकाळी मुंबईहून निघालेला लाल डबा कशेडीच्या घाटात रात्रभर वळणं घेत सकाळी आम्हाला त्यांचा अर्धाच माणूस आणून द्यायचा. चार दिवसांच्या रजेतले दोन दिवस शिणवटा उतरण्यात जायचे. मुंबईत कोणी गेलं तर गावचा माणूस मातीला पोचत नसे, आणि गावात कोणी गेलं तर मुंबईचा. याला आम्ही नशीब म्हणायचो. ते नशीब नव्हतं, ती एक न काढलेली रेघ होती.

ही रेघ काढा असं सांगणारे लोक पुष्कळ आधीपासून होते. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी या एका मागणीपायी आयुष्य वेचलं. पण एखाद्या राजकीय विचाराने ती आपली मानली, ती समाजवाद्यांनी. बॅरिस्टर नाथ पै १९५७ साली राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले, ते १९७१ च्या जानेवारीत जाईपर्यंत तिथले खासदार होते. कोकण रेल्वेचा विषय त्यांनी दिल्लीत सोडला नाही. त्यांच्यामागून त्याच मतदारसंघातून मधु दंडवते आले. दंडवते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. प्रश्न कुठे अडतो आहे तो बिंदू शोधून काढायची त्यांची सवय वर्गातली होती, आणि ती त्यांनी संसदेतही मोडली नाही.

१९७७ साली जनता पक्षाचं सरकार आलं आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण आधुनिकीकरण हा शब्द आपण फार लवकर वेगाशी आणि चकचकाटाशी जोडतो. तिसरा वर्ग कागदोपत्री १९७४ साली गेला होता. डब्यावरची पाटी बदलली, फळ्या त्याच राहिल्या. दुसऱ्या वर्गाचा माणूस लाकडाच्या फळीवर रात्र काढायचा. त्या फळीची एक ठरलेली खूण पाठीवर उमटायची. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंचांचा फोम घातला. पहिला वर्ग खाली ओढायचा नाही, दुसरा वर आणायचा, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई ते हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, वर्ग नसलेली गाडी म्हणून. १९७४ च्या संपात नोकरी गेलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत घेतलं.

दोन इंच फोम. देशाच्या पायाभूत सुविधांच्या इतिहासात याला एक ओळसुद्धा मिळत नाही. मी मात्र याला त्या काळातला सर्वांत मोठा सुधार मानतो. सरकारं पुढे आली नि गेली, त्या फळ्या उघड्या करायची हिंमत कोणत्याही मंत्र्याला झाली नाही. दंडवत्यांचं सरकार १९७९ च्या जुलैत पडलं, तेव्हाही कोकणच्या नकाशावरची मधली जागा कोरीच होती.

आता १९८९ चा डिसेंबर. विश्वनाथ प्रताप सिंहांचं राष्ट्रीय आघाडीचं सरकार. त्यात जनता दलाचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले. ते निवडून आले होते बिहारच्या मुझफ्फरपूरमधून, पण जन्माने मंगळूरचे. मधु दंडवते अर्थमंत्री, राजापूरचे खासदार. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, कर्नाटकातले. किनाऱ्याशी नातं असलेली तीन माणसं एकाच वेळी तीन नेमक्या खुर्च्यांवर बसली. याला योगायोग म्हणून सोडून देणारे लोक मला भेटतात. त्यांना मी एवढंच म्हणतो की योग पुष्कळांना येतात, पण त्या दिवशी काय करायचं ते आधीपासून ठरलेलं लागतं. या लोकांचं तीस वर्षांपासून ठरलेलं होतं.

आणि त्यांनी जे केलं त्यातली खरी बुद्धी कोणती, तेच मला आज सांगायचं आहे. सरळ वाट होती ती अशी: रेल्वेच्या अर्थसंकल्पात कोकण मार्गाला तरतूद करायची, भाषण करायचं, टाळ्या घ्यायच्या. अशा तरतुदी आपण पाहिल्या आहेत. यंदा दहा कोटी, पुढल्या वर्षी मंत्री बदलला की पाच, त्यापुढे नाममात्र. रूळ दरवर्षी चार मैल पुढे सरकतात. नव्या मंत्र्याच्या जिल्ह्यात दुसरा मार्ग सुरू होतो आणि पहिल्यावर गवत वाढतं. फर्नांडिस आणि दंडवते यांना आपलं सरकार किती तकलादू आहे ते ठाऊक होतं. एका बाजूने भाजपचा, दुसऱ्या बाजूने डाव्यांचा टेकू. म्हणून त्यांनी हे काम मंत्रालयात ठेवलंच नाही. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा ६-६. बाकीचा पैसा बाजारात रोखे विकून उभा करायचा. रूळ टाकायचे, गाड्या चालवायच्या, त्या मिळकतीतून कर्ज फेडायचं.

केरळच्या त्या ६ टक्क्यांकडे बघा. रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंतच्या या मार्गाचा एक वावही केरळच्या जमिनीवर नाही. तरीही केरळने पैसे घातले, कारण तिथल्या माणसाला मुंबईला यायला देशाला वळसा घालावा लागत होता. मुंबई ते मंगळूर रेल्वेने जायचं तर या मार्गामुळे हजार किलोमीटरहून जास्त फेरा वाचला. चार राज्यं भागीदार झाली, त्यांच्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारं, आणि ती पुढेही बदलत राहणार. यातल्या कोणालाही एकट्याने हे काम बंद पाडणं सोपं राहिलं नाही. त्या कंपनीच्या कागदांत ही दूरदृष्टी आहे. तिच्यावर व्याख्यानं व्हायला हवीत, पण होतात ती बोगद्यांवर.

माणूस निवडला तोही तसाच. ई. श्रीधरन रेल्वे मंडळावर अभियांत्रिकीचे सदस्य होते आणि १९९० च्या जूनअखेर निवृत्त होत होते. १९६४ च्या वादळात वाहून गेलेला पांबनचा पूल ४६ दिवसांत उभा करणारे ते. फर्नांडिसांनी त्यांना घरी जाऊ दिलं नाही, महामंडळ त्यांच्या हाती दिलं. निविदा काढण्यापासून माणसं नेमण्यापर्यंत अधिकारही दिले. १५ सप्टेंबर १९९० ला रोह्याला पायाभरणी झाली. आणि ७ नोव्हेंबरला सरकार पडलं. अकरा महिने टिकलेलं सरकार, पायाभरणीनंतर दोन महिनेही नाही.

इथून पुढची गोष्ट त्या पक्षाची नाही, म्हणूनच ती मला महत्त्वाची वाटते. चंद्रशेखर आले, गेले. नरसिंह राव आले. १९९१ साली देशाच्या तिजोरीत परकीय चलन जवळजवळ उरलं नव्हतं, अशा दिवसांत हे महामंडळ रोखे विकत होतं. पुढे वाजपेयींचे तेरा दिवस, देवेगौडा, गुजराल. रेल्वेच्या खुर्चीत जनेश्वर मिश्र, जाफर शरीफ, सुरेश कलमाडी, रामविलास पासवान. जनता दलाचे तर तुकडे झाले. आणि राजापूरच्या मतदारांनी, म्हणजे आपणच, १९९१ ला मधु दंडवते यांना पाडलं. पहिली गाडी धावण्याआधी. मी तेव्हा मतदानाला गावी आलो होतो, एसटीने. मी त्यांना मत दिलं, पण माझ्या घरातल्याच तिघांनी दिलं नाही, आणि त्यांच्याही कारणांत तथ्य होतं. निवडणूक ही कृतज्ञतेची पावती नसते, हे दंडवत्यांना आपल्यापेक्षा चांगलं समजत असावं. त्यांनी काम आपल्या खासदारकीवर टांगलेलं नव्हतं. काम चालू राहिलं.

कसं चालू राहिलं ते थोडं सांगतो. जमीन चाळीस हजारांहून अधिक खातेदारांची. कोकणातला सातबारा तुम्हाला सांगायला नको. दीड गुंठ्यावर सतरा नावं, त्यातली नऊ मुंबईला, दोन मेलेली, एक बेपत्ता. आमच्या काकांच्या बागेतून रेघ गेली. हापूसची अकरा कलमं त्यांच्या वडिलांच्या हातची. मोबदला आला, वाटण्या झाल्या, भांडणंही झाली. झाडं तोडायच्या दिवशी काका सकाळीच बागेत गेले, प्रत्येक कलमाच्या बुंध्यावर हात ठेवून आले आणि पडवीत येऊन बसले. दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "गाडी वेळेवर यायला हवी." त्या वाक्याचं ओझं मला आजही जाणवतं. देशासाठी जमीन द्या म्हणणाऱ्या प्रत्येक पक्षाने ते वाक्य ऐकायला हवं.

गोव्यात तर मोठा वाद पेटला. मार्ग किनाऱ्याजवळच्या दाट वस्तीतून आणि खाजणांतून नको, आतून न्या, असं म्हणणारे लोक रस्त्यावर आले. काम थांबलं, १९९३ साली न्यायमूर्ती ओझा यांची समिती बसली. विरोध करणाऱ्यांना विकासाचे वैरी म्हणायची तेव्हाही पद्धत होती. खाजण म्हणजे काय, बांध फुटला तर खारं पाणी किती पिढ्यांचं शेत खातं, हे ज्यांना माहीत होतं ते बोलत होते. त्यांचं म्हणणं शेवटी मान्य झालं नाही, पण ऐकलं गेलं. योजना ज्यांच्या दारातून जाते त्यांना प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि त्यात गेलेला वेळ मी फुकट गेलेला मानत नाही.

डोंगराने आणखी वेगळी परीक्षा पाहिली. कातळाचे बोगदे यंत्रांनी फोडले. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा तेव्हा देशातला सर्वांत लांब होता. रत्नागिरीजवळ पानवलच्या दरीत ६४ मीटर उंचीचे खांब उभे राहिले. पण कातळाला यंत्र पुरतं, मातीला पुरत नाही. भिजलेल्या मऊ मातीतले नऊ बोगदे हातांनी, वीतवीत खोदावे लागले. आज खोदलं ते उद्या बसायचं. पेडण्याच्या बोगद्याने सगळ्यांना रडवलं. सगळा मार्ग तयार आणि हा एक तुकडा अडलेला. या कामात ७४ माणसांचे जीव गेले. रत्नागिरीत त्यांचं स्मारक आहे. मी तिथे जाताना लहान मुलांना बरोबर नेतो. बोगद्यात शिरल्यावर मुलं ओरडतात, त्यांचा आनंद मला हवाच आहे, पण तो बोगदा कोणी खोदला तेही त्यांना ठाऊक असावं.

२६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झाली. पाच वर्षांचा संकल्प होता, सात वर्षांहून थोडा अधिक काळ लागला. खर्च सुमारे साडेतीन हजार कोटी. मे महिन्यात पंतप्रधान वाजपेयींनी मार्ग देशाला अर्पण केला. पायाभरणीच्या वेळी बाहेरून टेकू देणारे लोकार्पणाला यजमान होते आणि महामंडळ उभं करणारे फर्नांडिस त्यांच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री. पक्षांची अदलाबदल अशी, आणि रूळ मात्र आखल्या जागी.

सगळं गोड झालं असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. रोख्यांचं व्याज महामंडळाच्या मानगुटीवर बसलं. खर्च भागवायला तिकिटाच्या आकारणीत या मार्गाचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त धरलं गेलं, म्हणजे कर्जाचा वाटा प्रवाशाने उचलला. ज्या गावांनी जमिनी दिल्या त्यातल्या पुष्कळांच्या अंगणातून लांब पल्ल्याच्या गाड्या शिट्टी वाजवत जातात आणि थांबत नाहीत. गणपतीत आरक्षण उघडल्याबरोबर संपतं. मार्ग आजही बहुतेक एकेरी आहे. रोहा ते वीर एवढंच दुहेरीकरण २०२१ साली झालं. विजेवरच्या गाड्या २०२२ पासून धावू लागल्या, ही चांगली गोष्ट. पण दुसऱ्या रुळाशिवाय क्रॉसिंगला ताटकळणं संपणार नाही.

आणि सगळ्यांत मोठा धडा मिळाला तो पावसाकडून. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची खास गाडी तिच्यावर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर आदळून पुलाखाली गेली. मार्ग बांधताना डोंगर कापले होते, आता डोंगर हिशेब मागत होता. त्यानंतर उतार कमी केले, जाळ्या ठोकल्या, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आणि वेगाला लगाम आला. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरांवर आणायची असा दंडक आहे. गाडी उशिरा आली म्हणून आपण चडफडतो तेव्हा हे आठवावं.

आमच्या गावचा एक मुलगा, आता मुलगा कसला, पन्नाशीचा आहे, या मार्गावर गस्तीला असतो. त्याच्या बापाची जमीन रुळाखाली गेली. जुलैत एका सकाळी मी त्याच्या ओटीवर बसलो होतो आणि तो रात्रपाळी करून आला. डोक्यावरचा रेनकोट खुंटीला लावला, पायाला जळवा लागल्या होत्या त्या मीठ लावून काढल्या. पिशवीतून एकेक वस्तू पुसून ठेवली: हिरवा-तांबडा दिवा, शिट्टी, वायरलेसचा संच, रुळावर बांधायचे फटाके. मी विचारलं, अंधारात दरड येणार हे कळतं कसं? तो म्हणाला, "गटार बघायचं. पाणी कितीही असू दे, नितळ असलं तर भिऊ नको. तांबडं गढूळ झालं की वर काहीतरी सुटलंय." त्या रात्री त्याने दोनदा थांबून गटारात दिवा धरला होता. त्याच्या मागून अकराशे-बाराशे माणसांची एक गाडी निवांत झोपेत गेली.

कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात या माणसाचं नाव येत नाही. नवा मार्ग, नवा पूल, नवा बोगदा, यांची पानं भरतात. देखभालीचं पान कोरं असतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. त्याच जागी नवा पूल जेमतेम साडेपाच महिन्यांच्या कामात उभा राहिला. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं. मग त्याच मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून का रखडत आलं? केंद्रात आणि राज्यात सरकारं बदलली, सगळ्या प्रमुख पक्षांना पाळी मिळाली, दर गणपतीला नवी तारीख मिळाली. याचं उत्तर मला त्या रेल्वेच्या कंपनीत दिसतं. रेल्वेला एक धनी होता, त्याच्या हाती पैसा होता, आणि काम अडलं तर कुणाला विचारायचं ते ठरलेलं होतं. रस्त्याचे तुकडे झाले, ठेकेदार बदलले, आणि जबाबदारी प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पुढच्यावर ढकलली गेली.

एका पक्षाचीच वाखाणणी करायला मी उभा नाही. वाजपेयी सरकारने १९९८ साली चार महानगरांना जोडणाऱ्या रस्त्याची, सुवर्ण चतुष्कोनाची घोषणा केली. ५,८४६ किलोमीटर. घोषणेपेक्षा मला तिच्यामागची तजवीज मोलाची वाटते. पेट्रोलवर आणि मग डिझेलवर लिटरमागे एक रुपयाचा उपकर लावला आणि २००० साली कायदा करून तो पैसा रस्त्यांसाठी बांधून टाकला. २००४ ला ते सरकार हरलं. रस्ता थांबला नाही, विरोधी पक्षाच्या सरकारने तो पुढे नेला. त्याच सरकारची ग्रामसडकांची योजनाही तशीच टिकली. चतुष्कोनाच्या कामातला गैरव्यवहार उघड करणारा सत्येंद्र दुबे हा तरुण अभियंता नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत मारला गेला, हेही त्या रस्त्याच्या हिशेबात लिहिलेलं असलं पाहिजे.

याच्या उलट काय होतं ते मुंबईने मेट्रो तीनच्या कारशेडच्या वेळी पाहिलं. २०१९ च्या ऑक्टोबरात आरेतली झाडं रातोरात कापली गेली. सरकार बदललं, २०२० ला कारशेड कांजूरमार्गला हलवली, ते प्रकरण उच्च न्यायालयात अडकलं. २०२२ ला पुन्हा सरकार बदललं, कारशेड पुन्हा आरेत. झाडं हवीत म्हणणाऱ्यांचं दुःख खरं होतं, गाडी लवकर हवी म्हणणाऱ्यांची निकडही खरी होती. पण दोघांचं नीट ऐकून एकदाच ठरवायची जागा आपण उभी केली नाही, म्हणून निर्णय प्रत्येक सत्ताबदलाबरोबर इकडून तिकडे गेला. प्रकल्प पक्षाच्या मालकीचा झाला की दुसऱ्या पक्षाला तो मोडण्यात पुरुषार्थ वाटू लागतो.

आज बुलेट ट्रेन आहे, वाढवणचं बंदर आहे, गतिशक्तीचा आराखडा आहे. विरोधी पक्षांचेही आपापले आराखडे आहेत. मी या वयात कशालाच नाही म्हणत नाही. वेगाने जाणारी गाडी मलाही आवडते. माझं मागणं एवढंच की आराखड्यासोबत तो पैसा कुठून येईल, अडचण आली तर कोणाच्या दारात जायचं, वीस वर्षांनी जुलैच्या रात्री गटारात दिवा कोण धरेल, हे त्याच कागदावर लिहा. आणि ज्यांची कलमं तुटणार आहेत त्यांना झाडं तोडायच्या आदल्या दिवशी नव्हे, आखणीच्या पहिल्या दिवशी बोलवा.

मधु दंडवते २००५ साली गेले, जॉर्ज फर्नांडिस २०१९ ला. ज्या पक्षाचे म्हणून त्यांनी हे काम केलं तो पक्ष त्या रूपात आज कुठेच नाही. आमचे सर १९९६ च्या पावसाळ्यात गेले. पूर्ण रेघ त्यांनी पाहिली नाही, पण खेडपर्यंत गाडी आली होती आणि सर एकदा त्या गाडीने, मुद्दाम, काही काम नसताना, मुंबईला जाऊन आले होते. त्यांचा तो नकाशा आपल्या वाचनालयाच्या कपाटात आहे. पेन्सिलीची रेघ अजून दिसते.

निवडणुका पुन्हा येतील. जाहीरनामा घेऊन जो कोणी तुमच्या दारात येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला पडवीत बसायला द्या, चहा द्या, त्याचं सगळं ऐकून घ्या. आणि मग विचारा: तुम्ही हरलात, तर हे काम कोण पुरं करील?